पांढऱ्या घराचा पंचनामा

(स्थळ : स्टॉकहोमच्या वासास्तान भागात 1890च्या दशकात बांधलेल्या इमारतीतले एक बिऱ्हाड. पात्रे : मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले सासरे, हातात टोपी, आणि घर सजवण्यात सहा महिन्यांचा पगार खर्ची घातलेले जावई. मुलगी कामावर गेली आहे, ही गोष्ट दोघांच्याही पथ्यावर पडलेली.)

सासरे : जावईबापू, काल प्रवासाच्या शिणाने डोळे मिटत होते म्हणून विचारले नाही, पण आज स्वच्छ उजेडात, गैरसमज नसावा अशी प्रार्थना करून विचारतो, की तुमचे सामान अद्याप यायचे आहे की जप्तीत गेले?

जावई : अण्णा, सामान सगळे आलेले आहे. छतावरची ही गिलाव्याची वेलबुट्टी, ही दुपाखी दारे, माशाच्या काट्यासारखी जडवलेली ही लाकडी जमीन, हे सव्वाशे वर्षांचे वैभव जसेच्या तसे राखायचे, भिंतींना शुभ्र रंग द्यायचा, आणि त्यांच्यापुढे मोजक्या आधुनिक वस्तू अशा मांडायच्या की जुन्याला श्वास घेता यावा.

सासरे : श्वासाची सोय उत्तम आहे, मी बसण्याची विचारतो आहे. ही खुर्ची चालेल?

जावई : बसा, पण जरा बेताने. डेन्मार्कच्या हान्स वेग्नर यांनी ती 1949 साली योजिली. बैठकीला सुमारे 120 मीटर कागदी दोरी लागते, आणि ती हातानेच विणतात.

सासरे : कागदी! पस्तीस वर्षे सरकारी कागदांवर बसून काढली, पण इतक्या उघडपणे कधी बसलो नव्हतो. (बसतात) आमच्या माजघरातली सुंभाची बाज हिची थोरली बहीण. फक्त तिच्यावर बसताना कोणी इतिहास सांगत नसे. आणि ही फळी?

जावई : तीही 1949चीच. लोकांनी अधिक पुस्तके विकत घ्यावीत म्हणून बोनिअर या प्रकाशनसंस्थेने स्वस्त आणि सुटसुटीत फळीची स्पर्धा लावली होती, ती निस्से स्ट्रिनिंग यांनी जिंकली.

सासरे : तीवर तर एक शिंपला आणि एक वाळकी काटकी आहे. प्रकाशकाला वर्दी दिली काय? बरे, ते असो. टोपी अडकवायला एक खिळा मारू का?

जावई : (दचकून) त्या भिंतीत?

सासरे : का, घर तुमच्या नावे नाही?

जावई : इमारत सोसायटीची. आपण तिचे भागधारक, आणि त्या भागाबरोबर या बिऱ्हाडात राहण्याचा हक्क आपला.

सासरे : म्हणजे मालकी नव्हे, वहिवाट. आणि कर्ज?

जावई : ते मात्र संपूर्ण माझ्या नावे.

सासरे : नोंद घेतली. आता तो कोपऱ्यातला पांढरा मनोरा कोणता? काल देव्हारा समजून मी त्याला नमस्कार केला.

जावई : ती शेगडी, अण्णा! देशात लाकडाची टंचाई पडली तेव्हा 1767 साली कार्ल युहान क्रूनस्टेट आणि फाबियान व्रेडे यांनी अशी रचना काढली, की धूर एकदम बाहेर न जाता विटांच्या पाच नळ्यांतून खालीवर फिरतो, विटा ती ऊब शोषून घेतात, आणि सकाळी एकदा जाळ घातला की खोली दिवसभर उबदार राहते.

सासरे : अहाहा! मग पेटवा की, माझे गुडघे दुखताहेत.

जावई : नाही पेटवता येत. धुरांडे तपासून दाखला मिळाल्याखेरीज मनाई आहे. ऊब त्या खिडकीखालच्या लोखंडी पन्हाळ्यांतून येते.

सासरे : म्हणजे लाकूड वाचवण्यासाठी जन्मलेल्या शेगडीने अखेर सगळेच लाकूड वाचवले. इतकी कर्तव्यदक्षता आमच्या खात्यातही विरळा. पण ही चार पायांची नवी मंडळी आणि ही छतावरची फुले यांचे गोत्र जुळते का हो?

जावई : खरे सांगायचे तर पूर्वी जुळत नव्हते. 1930 साली येथे मोठे प्रदर्शन भरले, गुन्नार आस्प्लुंड त्याचे मुख्य वास्तुविशारद. लहान घर, भरपूर उजेड, साधे सामान, हा त्या मंडळींचा आग्रह, आणि असल्या वेलबुट्टीला त्यांनी अडगळीत काढले. पुढे कित्येक घरांतली फुले खरवडली गेली.

सासरे : तर मग ज्या घराण्याने ही फुले खरवडली, त्याचीच नातवंडे तुम्ही आणून त्या फुलांखाली बसवलीत! सोयरिकी पुष्कळ पाहिल्या, पण ही तुमची धाडसाची. आणि मला दिलेल्या खोलीत एकही फूल नाही, ते का?

जावई : (घुटमळत) त्या काळी रस्त्याकडच्या खोल्या पाहुण्यांपुढे मिरवण्याच्या असत. स्वयंपाकघरामागची ती… मोलकरणीची.

सासरे : परंपरेचे जतन झाले म्हणायचे. (उठून शेगडीचे पितळी दार उघडतात. आतून दोन पंचांगे, रंगखडू, चार्जरांचा गुंता आणि कुंकवाचा करंडा जमिनीवर येतो.) जावईबापू, ही पंचांगे मी पाठवलेली. टपालात गहाळ झाली, असे तुम्ही लेखी कळवले होते.

जावई : अण्णा, हळू! पाच वाजता सोसायटीचे अध्यक्ष कॉफीला येताहेत, तोवर हे सगळे आत गेले पाहिजे.

सासरे : आणि माझी टोपी?

जावई : तीही द्या. मागच्या बाजूला चकलीचा सोऱ्या उभा आहे, त्याच्यावर बसेल.