नडगीकर

मंगल कार्यालयात मुहूर्ताची वेळ झालेली असते, अक्षता वाटून झालेल्या असतात, आणि कडेला एक पंचेचाळिशीचा गृहस्थ खांबाला दोन्ही तळहात लावून, एक पाय मागे ताणून, खांब ढकलल्याच्या आविर्भावात उभा असतो. मुलीकडच्यांना वाटतं, मुलाकडचा कोणीतरी रुसलाय. मुलाकडच्यांना वाटतं, भोवळ आली असावी. तसं काहीही नसतं. तो पोटरी ताणत असतो. पहिल्या दोन मंगलाष्टकांत डावी, पुढच्या दोनांत उजवी. हे आमचे नडगीकर.

हे त्यांचं कागदोपत्री आडनाव नव्हे. कागदावर काहीही असो, धावायला लागल्यापासून दोन-तीन महिन्यांत माणसाची ओळख त्याच्या दुखऱ्या जागेवरून पडते. प्रत्येक सोसायटीत एखादे टाचे असतात, एखादे गुडघे असतात. पण गोतावळा मोठा नडगीकरांचाच.

धावण्याकडे ते आपल्या पायांनी येत नाहीत, त्यांना ढकललं जातं. कधी कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये कोलेस्टेरॉलच्या आकड्यापुढे चांदणी उमटते. कधी जानेवारीतल्या एखाद्या सोमवारी शेजारच्या टेबलावरचा माणूस मुंबई मॅरेथॉनचं पदक गळ्यात घालून कामावर येतो आणि दिवसभर ते काढत नाही. फॅमिली डॉक्टर म्हणतात, "चालायला जात जा." इथेच सगळं बिनसतं. चालणं हे नडगीकरांच्या लेखी पेन्शनरांचं काम. आपण शाळेत चारशे मीटरला दुसरे आलो होतो, हे त्यांना तीस वर्षांनी आठवतं. तेव्हा वजन अठ्ठेचाळीस किलो होतं, हे मात्र आठवत नाही.

पहिल्या रविवारी पुण्याच्या तळजाई टेकडीवर पाच किलोमीटर. दुसऱ्या रविवारी आठ. तिसऱ्या रविवारी दहा, शिवाय वर फोटो. मधल्या वारी मांड्या अशा धरतात की खुर्चीत बसताना "आई गं" आणि उठताना "अगं आई गं". नडगीकर ऑफिसात सांगत सुटतात की लॅक्टिक ॲसिड साचलंय. ते ॲसिड बिचारं धावून झाल्यावर तासा-दीड तासात निघूनही गेलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे ठणकतं ते स्नायूंच्या धाग्यांना पडलेल्या बारीक चिरांचं दुखणं. ते आपलं आपण येतं आणि आपलं आपण जातं. पण "ॲसिड साचलंय" म्हणण्यात जी शान आहे ती "अंग धरलंय" म्हणण्यात नाही.

खरी पंचाईत पुढेच आहे. महिनाभरात दम सुधारतो. सुरुवातीला टेकडीच्या पहिल्या वळणावर जीभ बाहेर यायची, ती आता आत राहते. नडगीकरांना वाटतं, जमलं. हृदय आणि फुप्फुसं तशी आज्ञाधारक असतात, काही आठवड्यांत कामाला लागतात. हाडाचं तसं नाही. नवा भार पडला की हाड आधी आपला जुना भाग काढतं आणि मग त्या जागी नवा भरतं. काढण्याचं काम झटपट होतं, भरण्याचं महिनोन्‌महिने चालतं. महापालिका रस्ता खणते आणि भरते त्याच वेगाने. नेमक्या या खणलेल्या अवस्थेतल्या नडगीवरून नडगीकर आठवड्याला चाळीस किलोमीटर वाहतूक सोडतात. मग नडगीची आतली कड, घोट्याच्या वर चार बोटांपासून, ठसठसू लागते. आधी धावून आल्यावर, मग धावताना, मग ऑफिसच्या मीटिंगमध्येही.

यावर उपाय सगळ्या जगाला माहीत आहे: अंतर कमी करा, हळू व्हा, थोडे दिवस थांबा. नडगीकर पायासाठी वाटेल ते करायला तयार असतात, एवढं एक सोडून. का, ते त्यांच्या मनगटावर आहे. घड्याळ मोजतं, ॲप दाखवतं, आणि ॲपवर साडू आहे. साडू किलोमीटर सहा मिनिटांत धावतो. म्हणून नडगीकर वाटेत चालायची वेळ आली की आधी घड्याळ थांबवतात, मग स्वतः थांबतात. आजूबाजूला पाहून बुटाची नाडी सोडतात, बांधतात, पुन्हा सोडतात. त्यांच्या नाड्या जेवढ्या सुटतात तेवढ्या पहिलीतल्या पोरांच्याही सुटत नसतील.

थांबायचं नाही असं ठरल्यावर बूट बदलणं ओघाने आलंच. दुकानात त्यांना ट्रेडमिलवर पळवून घोट्यांचं चित्रीकरण करतात. विक्रेता पोरगा पडद्यावर बोट ठेवून गंभीरपणे म्हणतो, "सर, तुमचं ओव्हरप्रोनेशन आहे." म्हणजे पाय टेकताना आतल्या बाजूला जरा जास्त कलतो. थोडाफार तो सगळ्यांचाच कलतो, धक्का पचवायची पायाची ती रीतच आहे. पण नडगीकरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. इतकी वर्षं आपल्यात काहीतरी वेगळं आहे असं त्यांना वाटत होतंच. बूट अकरा हजारांचे. घरी किंमत साडेचार सांगतात, तीही सेलमधली. माझं विचाराल तर बुटाच्या दुकानात संध्याकाळी जावं, तोवर पाय थोडे फुगलेले असतात. पुढे अंगठाभर जागा राहील असा नंबर घ्यावा, आणि घालून जो बरा वाटेल तो आणावा. नडगीकरांनी दिसायला सुबक म्हणून नेमका नंबर घेतला. सिंहगडाच्या उतारावर बोटं पुढे जाऊन आपटली आणि दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी पडली. त्यांचाही फोटो ॲपवर आहे.

मग एका पंधरवड्यात बूटच वाईट असं ठरतं. कुठूनतरी कळतं की इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये अनवाणी धावून मॅरेथॉनचं सुवर्णपदक मिळवलं. ही गोष्ट नडगीकर पार्किंगमध्ये उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. चार वर्षांनी टोकियोत त्याच बिकिलाने पुन्हा सुवर्ण जिंकलं तेव्हा पायात बूट होते, हा उत्तरार्ध ते सांगत नाहीत. अनवाणी प्रयोग तळजाईच्या मुरमावर दुसऱ्याच फेरीला संपतो. बिकिला गेला, आता टाचही धरली.

घरात या काळात दोन पक्ष पडतात, शेक आणि बर्फ. आईसाहेब शेकपक्षाच्या. त्यांच्याकडे महानारायण तेल आहे, आंबेहळद आहे, टाचेसाठी तापवलेल्या विटेवर रुईचं पान आहे, आणि सगळ्याच्या वर काशाची वाटी. "तुझे आजोबा आळंदीहून पंढरपूरला चालत जायचे. अडीचशे किलोमीटर! घड्याळ नाही, बूट नाहीत."

"आणि पाय दुखायचे नाहीत?"

"दुखायचे ना. आल्यावर आठ दिवस तूप लावून वाटीने घासत बसायचे मी. तू काय वेगळा आहेस? आण इकडे पाय."

नडगीकर बर्फवाले. बर्फ शास्त्रीय आहे, परदेशातले खेळाडू बर्फाच्या टबात बसतात वगैरे. दुखापतीवर विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं हे सूत्र गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ साली मांडलं हे खरं, पण २०१४ साली त्यांनीच लिहिलं की बर्फामुळे दुखणं बरं व्हायला उलट उशीर होऊ शकतो. तेवढ्यापुरतं बधिर होऊन बरं वाटतं इतकंच. बाकी त्या सूत्रातला पहिला शब्द विश्रांती होता, तो नडगीकरांनी कधी वाचलाच नाही. बर्फाचा ट्रे छोटा म्हणून ते फ्रीजरमधलं मटारचं पाकीट नडगीला क्रेप बँडेजने बांधून बातम्या बघत बसतात. हे पाकीट वितळतं, गोठतं, पुन्हा वितळतं. शेवटी स्वयंपाकघरातून आवाज येतो, "हे मटार औषधाचे आहेत की पुलावाचे, ते एकदा ठरव."

तरी दुखणं हटेना तेव्हा स्वारी ऑर्थोपेडिककडे निघते. फाईल जाडजूड. ॲपचे आलेख छापून नेलेले. मुखपृष्ठासारखी वर स्वतःची धावतानाची तसबीर. डॉक्टर फाईल बाजूला सारतात.

"कुठे दुखतंय? बोट ठेवून दाखवा."

नडगीकर बोट ठेवू पाहतात, पण ते एका जागी ठरत नाही. वीतभर वरखाली सगळा हातच फिरतो. डॉक्टर मान डोलावतात. "चांगलं आहे. एकाच ठिकाणी बोट टेकून तिथेच कळ आली असती, रात्री निजल्यावरही ठणकलं असतं, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घेतली असती. मग एमआरआय काढायला लागला असता. साध्या एक्स-रेत तो सुरुवातीला दिसत नाही बरेचदा."

"म्हणजे फ्रॅक्चर नाही?" नडगीकरांच्या आवाजात आनंद कमी आणि चुकचुकणं जास्त. स्ट्रेस फ्रॅक्चर म्हटलं की साडू गप्प झाला असता.

"नाही. आणि सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली दोन-चार पावलं टाच टेकवत नाही ना? मग जरा फिरल्यावर सैल होतं?"

नडगीकर थक्क. डॉक्टरांना हे कसं कळलं? आत तळपायाच्या पट्ट्याला सूज असली की हे असंच होतं आणि दिवसाला चार माणसं हेच सांगत येतात, हे डॉक्टर बोलत नाहीत. फीचा भाग आहे तो. चिठ्ठीवर ते फिजिओथेरपीचा पत्ता लिहून देतात.

फिजिओ म्हणजे सव्वीसएक वर्षांची मुलगी. पाय दाबून बघते, घोटा वाकवून बघते, एका पायावर उभं राहायला लावते. एका पायावर नडगीकर तीन सेकंदांत भिंतीला जाऊन भेटतात. मग ती वही काढते आणि अगदी सहज विचारते, "काका, आठवड्याला किती धावता?"

इथे एक क्षण नडगीचं दुखणं पूर्ण थांबतं, कारण दुसरीकडे कुठेतरी जास्त दुखलेलं असतं. ज्यासाठी पोपटी बनियन घेतली, डोळ्यांना काळा गॉगल पहाटेच्या अंधारातही लावला, ते सगळं त्या दोन अक्षरांत वाहून जातं.

"चाळीस," काका म्हणतात.

"आणि त्याआधी किती वर्षं काहीच करत नव्हता?"

"तशी... वीसएक."

ती हसत नाही, याचंच त्यांना जास्त वाईट वाटतं. दोन आठवडे धावणं बंद म्हणते. पोहा, सायकल चालवा. त्यानंतर एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, तेही दिवसाआड. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दम लागून वाक्य तुटलं तर वेग जास्त आहे असं समजायचं. आणि घरी जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवून, टाचा बाहेर लोंबत्या सोडून, सावकाश वर-खाली. पंधराचे तीन सेट, रोज. पोटरीत ताकद आली की नडगी आणि टाच दोन्हींचा भार हलका होतो.

"मी चालताना ते ॲपवर दिसेल का?" नडगीकर विचारतात.

"दिसलं तर?"

याचं उत्तर त्यांच्यापाशी नसतं. निदान तिला समजेल असं नसतं.

पुण्यात गुपचूप चालणं एक वेळ जमेल, गुपचूप टाचा उचलणं शक्य नाही. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, पितळी कठड्याला एक हात धरून, हाफ पँटीतले नडगीकर वर-खाली होऊ लागतात आणि बी विंगला लिफ्टचा कंटाळा येतो. "सात... आठ..." तळमजल्यावरचे आजोबा येऊन सांगतात, व्हिटॅमिन डी तपासा. "आठ... नऊ..." तिसऱ्या मजल्यावरचा पोरगा बाजूला उभा राहून मोबाईलवर चित्रण करतो. इस्त्रीवाला कपड्यांचं बोचकं खांद्यावर घेऊन क्षणभर थबकतो, आणि आपण दिवसातून सोळा वेळा हाच जिना चढतो, आपल्याला काही झालं नाही, असं जाता जाता नम्रपणे सांगून जातो. आकडा चुकतो. पुन्हा एकपासून. ते पंधराचे तीन सेट प्रत्यक्षात शंभराच्या घरात जातात, त्यामुळे पोटरी नव्याने दुखू लागते.

अशात चौथ्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन येतात. त्यांची टाच गेली अकरा वर्षं सकाळी उठल्यावर दुखते. त्या आयुष्यात बसमागेसुद्धा धावलेल्या नाहीत. त्या जरा वेळ निरखून बघतात, पिशवी खाली ठेवतात, पदर खोचतात.

"सरका हो जरा."

आता पायरीवर चार टाचा. काकूंची लय पहिल्यापासून संथ आणि पक्की. तोंडाने त्या सुनेची हकिगत सांगताहेत, पूर्ण वाक्यांत, मध्ये एकदाही दम न लागता. नडगीकर सहाव्यालाच फुरफुरतात.

"किती म्हणालात? पंधरा?"

"तीनदा. मध्ये थांबायचं एक मिनिट."

"मग तुम्ही थांबत का नाही?"

नडगीकर थांबतात. खरोखर थांबतात, बहुधा जानेवारीनंतर पहिल्यांदा. आणि उजव्या हाताने आपसूक घड्याळाचं बटण दाबून ते पॉझवर टाकतात.