मंग?

आमच्या घरी एक नव्वद मिनिटांची कॅसेट होती. लेबलावर मोठ्या बाबांच्या अक्षरात एकच शब्द: ‘हासी’. एका बाजूला पु. लं.ची ‘म्हैस’, कुणाच्या तरी कॅसेटवरून उतरवलेली. (चोरीच ती, पण तेव्हा तसं कुणाला वाटत नसे.) दुसऱ्या बाजूला मंडईतली खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य. ही मंडई आमच्या गोंदियाकडची; गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. वेगळा झाला 1999 साली.

‘म्हैस’ घडते कोकणच्या रस्त्यावर. अर्जुनी-मोरगावकडच्या आम्हाला कोकण ठाऊक नव्हतं, म्हैस ठाऊक होती, तेवढ्यावर भागलं. कॅसेटमधले प्रेक्षक ठरल्या जागी हसत. आम्ही त्यांच्या आधी हसून घ्यायचो आणि त्यांचं आटोपेपर्यंत थांबायचो.

इंग्लंडात विनोद ध्वनिमुद्रित करण्याचं काम रीतसर चाले. बीटल्सच्या गाण्यांमागचा जॉर्ज मार्टिन त्याआधी पीटर सेलर्सच्या विनोदी तबकड्या काढत असे. मोठ्या बाबांचा स्टुडिओ म्हणजे शिंगाडेवालीच्या टोपलीशेजारी ठेवलेला टेपरेकॉर्डर. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार नाहीतर खडी गंमत, रात्री पहाटेपर्यंत नाटक. त्यामुळे आमच्या कॅसेटवर ढोलकी, शाहीर, नाच्या आणि या सगळ्यांवर ताण म्हणजे शिंगाड्यांचा भाव. त्या बाईचं टायमिंग सोंगाड्यापेक्षा सरस होतं, हे माझं मत अजून कायम आहे.

शेवटी सोंगाड्या घरजावई होऊन पळून आलेला असतो. शाहीर विचारतो, “सासऱ्यानं धानाची बांधी देली, बैलजोडी देली, मंग पळाला काहून गा?”

“सांगतो ना गा. सासूनं मले...”

खट्ट. कॅसेट संपली.

त्या सासूने काय केलं, यावर आमच्या घरात वर्षभर खल चाले. मोठे बाबा म्हणत, रोवण्याला चिखलात उतरवलं असेल. आजीच्या मते नुसतं ‘जावईबापू’ म्हटलं असेल, तेवढंही पुरतं. बाबा आईकडे बघत आणि काहीच बोलत नसत.

पुढच्या मंडईत तोच सोंगाड्या दिसला. मोठ्या बाबांनी त्याला चहा पाजून विचारलं. त्याला काही आठवेना. “ते मागच्या सालचं होतं गा,” तो म्हणाला. मग आम्ही त्याला घरी आणून कॅसेटच लावली. मांडी ठोकत, डोळे पुसत तो स्वतःवरच हसत राहिला. शिंगाडेवालीला तर दोनदा दाद दिली.

खट्ट झालं तसा तो दचकला, टेपरेकॉर्डरकडे वाकला आणि आम्हालाच विचारू लागला,

“मंग?”