श्रेय कोणाचं?

तोंड आलं की आमच्या घरात निदानाला अर्धं मिनिटही लागत नाही. ‘‘उष्णता झालीय,’’ आई म्हणते. ‘‘पोट साफ नसेल,’’ बाबा म्हणतात. बाबांच्या मते गुडघेदुखीपासून महागाईपर्यंत सगळ्याचं मूळ पोट साफ नसण्यातच आहे.

प्रत्यक्षात खालच्या ओठाच्या आत मुगाच्या डाळीएवढा फोड असतो. मध्ये पिवळट-पांढरा, कडेनं लालभडक. एवढ्याशा जागेत किती झोंबू शकतं, हे मिसळीचा पहिला घास घेतला की कळतं. मग मुकाट्यानं दूधभात. जीभ मात्र कितीही बजावा, पुन्हा पुन्हा तिथंच जाऊन चौकशी करून येते.

उपचारांना तोटा नसतो. शेजारच्या काकू कुंपणावरच्या जाईचा पाला आणतात, ‘‘चाव आणि थुंकून टाक.’’ आत्या ज्येष्ठमध पाठवते. मावशीचा भरवसा साजूक तुपावर. मेडिकलवाला एक जेल देतो. ते लावलं की फोडासकट अर्धी जीभ बधिर होते आणि नेमका तेव्हाच साहेबांचा फोन येतो. ‘होय सर’चं ‘ओय शल’ होतं.

यातली गोम अशी, की साधा फोड 7 ते 14 दिवसांत आपला आपणच बरा होतो. त्यामुळे बरं वाटायच्या आदल्या दिवशी ज्याचं औषध घेतलं, तो धन्वंतरी ठरतो. पहिल्या दिवशी सल्ला देणारा बिचारा बदनाम होतो. काकू आता मुरल्या आहेत. ‘‘किती दिवस झाले रे?’’ असं विचारल्याशिवाय त्या जाईला हात लावत नाहीत.

डॉक्टरांची कारणं त्यामानानं रटाळ. घाईत जेवताना चावला गेलेला गाल, दाताचा टोकदार कंगोरा, ताण, नाहीतर लोह, फॉलिक अ‍ॅसिड किंवा बी-12 ची कमतरता. बी-12 जवळजवळ सगळं दूध, अंडी, मांस-मासळीतून मिळतं. तेव्हा वारंवार तोंड येत असेल, तर नातेवाइकांचा सल्ला घेण्याआधी रक्त तपासून घ्यावं.

आणि तीन आठवडे उलटूनही जखम भरली नाही, तर जाई, तूप, ज्येष्ठमध सगळ्यांना रजा द्यावी आणि दातांच्या डॉक्टरांना तोंड दाखवावं. तंबाखू, मावा खाणाऱ्यांनी तर नक्कीच. कर्करोगाची सुरुवात अशा न भरणाऱ्या, बहुधा न दुखणाऱ्या जखमेनंही होते. तिथं श्रेय लवकर जाणाऱ्यालाच मिळतं.