गोलंदाजाचा अंगठा

पहिली शंका आली ती मटार सोलताना. डिसेंबरातला रविवार, समोर अडीच किलो मटार, आणि माझा उजवा अंगठा शेंगेवर नुसता ठेवल्यासारखा. शेंग फुटली की नाही हे त्याला कळेचना, डोळ्यांनी बघून खात्री करावी लागत होती. "अगं, अंगठा बधिर झालाय," मी म्हणालो. "बरा मटाराच्या दिवशी मुहूर्त सापडला," असं म्हणून बायकोने परात माझ्याकडे आणखी सरकवली.

पण खरंच झाला होता. शर्टाचं वरचं बटण लागेना. चहाचा कप धरला की आतल्या बाजूने मुंग्या. मोबाइल मात्र त्याच अंगठ्याने बिनतक्रार उघडायचा. म्हणजे माझा अंगठा मोबाइलला ओळखू येत होता, मला येत नव्हता.

मुलुंडात दुखणं सांगावं आणि सल्ला मिळू नये असं होत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी बी-ट्वेल्व्ह सांगितलं. केमिस्टने न विचारता दोन पट्ट्या काढून ठेवल्या. ऑफिसातल्या एकाने ठामपणे मान सांगितली, कारण त्याची स्वतःची मान होती. मी रोज लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रोने अंधेरी गाठतो, तेव्हा मेट्रोत दांडी धरून धरून शीर आखडली, हा एक पक्ष. बायकोचा पक्ष जुनाच: मोबाइल. आमच्या घरी सर्दीसुद्धा मोबाइलने होते.

शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेलो. पंचविशीची मुलगी. तिने अंगठ्याच्या मुळाशी, तर्जनीकडच्या अंगाला बोटाने टकटक केलं, आणि विजेच्या बोर्डात हात घातल्यासारखा मी खुर्चीतून उडालो. तिचा चेहरा खुलला.

"काका, तुम्ही बोलर आहात का?"

चोपन्न वर्षांच्या मुंबईकर पुरुषाला हा प्रश्न विचारू नये. उत्तर लांबतं. मी ताठ बसलो. लेगस्पिन, म्हणालो. शाळेची टीम, कॉलेजची दुसरी टीम, १९८९ सालचे एका डावातले पाच बळी, त्यातले दोन स्टंपिंग. सुभाष गुप्ते आम्ही पाहिले नाहीत, पण त्यांनी १९५८ साली कानपूरला वेस्ट इंडिजचे एका डावात नऊ घेतले होते, हेही सांगितलं, निव्वळ घराणं कळावं म्हणून. तिने सगळं ऐकून घेतलं. "तसं नाही हो काका. मॉलमधलं बोलिंग. तो भोकांचा चेंडू असतो ना, त्याचं विचारतेय."

आता कबुली द्यायला हवी. गणपतीनंतर आमच्या कंपनीने दर शनिवारी एका मॉलमध्ये न्यायला सुरुवात केली होती. कारण काय, तर माणसांनी एकमेकांत मिसळावं. पहिल्या दिवशी काउंटरवर बुटाचा नंबर विचारला, मी आठ सांगितला. चेंडूंवरही नंबर होते. नव्याने लागलेल्या मुलीने आठ उचलला, म्हणून मी चौदा उचलला. हा नंबर म्हणजे पौंडातलं वजन, हे उचलल्यावर कळलं. चौदा पौंड म्हणजे सहा किलोंच्या वर, क्रिकेटचे चाळीस चेंडू एकत्र बांधल्यासारखे. पण मुलीसमोर चेंडू खाली ठेवणार कसा? टाकला. साठ फुटांवर दहा लाकडी बाहुले उभे असतात, म्हणजे आपल्या पिचपेक्षा फक्त सहा फूट कमी. ते दहाच्या दहा आडवे. "सर, स्ट्राइक!" पोरं ओरडली. १९८९ नंतर माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मग मी एकही शनिवार चुकवला नाही.

एका संध्याकाळी दोन डाव, पस्तीस-छत्तीस फेकी. हिशेब केला तर सव्वादोनशे किलो होतात. एवढा माल हमालानेही मजुरी ठरवल्याशिवाय उचलला नसता.

तिने समजावलं ते असं. चेंडूला तीन भोकं, एक अंगठ्याचं. अंगठ्याच्या आतल्या कडेने एक बारीक नस जाते, नेमकी कातडीखालून. भोक अरुंद असलं, किंवा आपण अंगठा आत वाकवून चेंडू घट्ट आवळला, की सुटताना भोकाची कड त्या नसेवर घासते. पुन्हापुन्हा घासून नसेभोवती जाड थर धरतो, कधी छोटी गाठही लागते, आणि अंगठा बधिर. नियमाने खेळणारे स्वतःच्या हाताच्या मापाचं भोक पाडून घेतात. आमच्यासारख्यांना पायाच्या मापाचे बूट मिळतात, अंगठ्याच्या मापाचा चेंडू कोण देतो? उपाय काय तर खेळ बंद, विश्रांती, आणि पुढे खेळायचंच तर मोठ्या भोकाचा, हलका चेंडू. "आठ नंबर घ्या काका," ती म्हणाली. दुखण्याचं नाव तिने कागदावर लिहिलं. मराठीत आणलं तर गोलंदाजाचा अंगठा.

वाचून मी सुखावलो. गोलंदाज म्हणजे मुळात तोफ डागणारा, क्रिकेट त्यात फार मागाहून आलं. त्या हिशेबाने पानपतावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवरची माणसं खरी गोलंदाज, आणि त्यांच्यानंतर सहा किलोंचा गोळा उचलणारा मी. शिवाय दुखण्यालाही प्रतिष्ठा लागते. २००४ साली सचिनचं कोपर दुखलं आणि कणीक मळून कोपर धरणाऱ्या आमच्या चाळीतल्या बायका एका रात्रीत टेनिस एल्बोच्या पेशंट झाल्या. तोवर त्यांना कोणी विचारत नव्हतं.

सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपात मी फक्त नाव सांगितलं. बोलरला होतं ते दुखणं. कुठला बोलर, हे कोणी विचारलं नाही आणि मीही खुलासा केला नाही. चार दिवस मोठे सुखाचे गेले. रविवारच्या टर्फवर मला पाणीसुद्धा जागेवर आणून देत होते.

पाचव्या दिवशी नाना आले. नानांचं वय चौऱ्याहत्तर. तरुणपणी कांगा लीगमध्ये भर पावसात, चिखलात विकेटकीपिंग केलेलं. पद्माकर शिवलकरांचं नाव निघालं की चालता चालता थांबतात, "पाचशे एकोणनव्वद विकेट, आणि एक टेस्ट नाही" एवढं म्हणतात आणि मग पुढचं पाऊल टाकतात. त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटसुलट केला, तिसरं बोट दाबून पाहिलं.

"इथे काही नाही?"

"नाही."

"अरे, लेगस्पिन या बोटाने पडतो. अंगठा त्यात नुसता पाहुणा. तुझा पाहुणाच कसा आजारी पडला?"

ग्रुप थांबला. मला घाम फुटला. मग मॉल, बूट, बाहुले, चौदा नंबर, सगळं सांगावं लागलं. लोक हसले, मनसोक्त हसले. नाना हसले नाहीत. ते माझा अंगठा धरून तसेच उभे.

"एलबीडब्ल्यू नसेल त्यात," बऱ्याच वेळाने म्हणाले.

"नाही."

"अंपायर?"

"नाही. मशीन मोजतं."

नानांनी अंगठा सोडला. आपला उजवा हात समोर धरला, कांगा लीगमध्ये दोनदा मोडलेली बोटं एकेक करून वाकवून पाहिली आणि विचारलं, "शनिवारी किती वाजता असतं?"