संथ सिनेमावाले गुरुजी

गुरुजींना सिनेमाची गोष्ट विचारू नये. ते चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "तसं काही घडत नाही." हे सांगताना चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचा आनंद.

पुण्यात शिकताना त्यांना फिल्म क्लबचा नाद लागला. पुढे नेमणूक झाली जव्हार तालुक्यात, वावरला. पेनड्राइव्ह बरोबर आला. फिनलंडच्या कौरिस्माकीची माणसं सिगारेट ओढत गप्प बसतात, फ्रान्सच्या जाक तातीचा मस्यो युलो १९५३ पासून सुट्टीवर आहे, आणि गुरुजी हे पुन्हापुन्हा बघतात. हसण्याची चालही तीच. विनोद रात्री झाला तर ओठाचा कोपरा सकाळी प्रार्थनेच्या वेळी हलतो. बायको चहा ठेवताना विचारते, "अहो, हे थांबवून ठेवलंय का?" मग दोन दिवस अबोला. तोही सिनेमाइतकाच संथ.

एका पावसाळी संध्याकाळी त्यांनी शाळेच्या टीव्हीवर गावाला 'किचन स्टोरीज' दाखवला. नॉर्वेच्या बेंट हामरचा, २००३ चा. स्वीडनची एक संस्था एकट्या पुरुषांची स्वयंपाकघरातली ये-जा टिपायला नॉर्वेत माणसं पाठवते. निरीक्षकाने कोपऱ्यातल्या उंच खुर्चीवर बसून कागदावर रेघा मारायच्या, घरमालकाशी चकार शब्द बोलायचा नाही. "विनोद सूक्ष्म आहे, धीर धरा," असं गुरुजींनी आधीच बजावलं.

धीर कुणाला लागलाच नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंच्या बातम्या राज्यभर गेल्या. तेव्हापासून इथल्या चुलीसमोर किती जण फॉर्म घेऊन बसून गेले, त्याची मोजदाद नाही. नागलीची भाकर कोण किती खातो, डब्यात तांदूळ किती, सगळं लिहून झालंय. पडद्यावरचा माणूस खुर्चीवर चढताच मागून आवाज आला, "सर्वेवाला आला रे!"

घरमालक ईसाकला घोडा कबूल केलेला असतो. हातात पडतो लाकडी खेळण्यातला. त्यावर तर बायका पदर तोंडाला लावून हसल्या. "आम्हाला शेळ्या सांगितल्या होत्या," एक म्हातारबाबा डोळे पुसत म्हणाले. ईसाक माळ्यावर चढून छताच्या भोकातून निरीक्षकावरच पाळत ठेवायला लागला, तेव्हा बाबांनी मांडीवर थाप मारली. खुलासा करायला गुरुजी उठले, तर पोरांनी ओरडून खाली बसवलं. टीव्ही दिसत नव्हता.

शेवटी बाबांनी निकाल दिला. "कॉफी प्यायला तो खाली तरी उतरला. आपल्याकडचे चहा घेतात, पण खुर्ची सोडत नाहीत."

गुरुजी घुश्शातच होते. "अशा सिनेमांना मोठ्याने हसायचं नसतं," कुलूप लावताना ते मला म्हणाले. गावाला लगेच कळणार नाही असा सिनेमा आता ते शोधताहेत. स्वीडनच्या रॉय अँडरसनवर बोट ठेवलंय. तो मोबाइलवर उतरवायचा तर रेंज शाळेमागच्या टेकाडावरच मिळते, तीही आभाळ मोकळं असलं तर. गुरुजी छत्री घेऊन तिथे बसलेले दिसतात, खुशीत.