यंदाच्या छात्राध्यापकांस, शिक्षक खोलीतून

प्रति,
यंदाच्या तुकडीतील सर्व छात्राध्यापिका व छात्राध्यापक,
मुक्काम : शिक्षक खोलीतलं कोपऱ्यातलं टेबल (पंख्याचा वारा पोहोचत नाही ते)

विषय : आपल्या आगमनाने झालेल्या आनंदाबाबत.

महोदया, महोदय,

तुम्ही आलात, फार बरं झालं. आमच्या वेळापत्रकाला जूनपासून दोन भोकं पडली आहेत. गणिताचे एक सर निवृत्त झाले, त्यांची जागा शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर कुठेतरी तपश्चर्येला बसली आहे. दुसऱ्या बाई मतदार यादी घेऊन वस्तीत दारोदार फिरताहेत. अशा वेळी गळ्यात ओळखपत्र आणि हातात टाचणवही घेतलेले इतके शिक्षक एका सकाळी फाटकातून आत येतात, तेही फुकट, हे पाहून मुख्याध्यापकांना भरून आलं. तुमचा समज झाला की ते स्वागत होतं. वेळापत्रक होतं ते.

खरं तर तुमच्या येण्यामागे मोठा विचार आहे. महाराष्ट्रातल्या डी.टी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यातून न्यायमूर्ती वर्मा आयोग नेमला गेला. आयोगाचा अहवाल 2012 मध्ये आला आणि 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं. शाळेतला मुक्काम 20 आठवड्यांचा ठरला : पहिल्या वर्षी 4, दुसऱ्या वर्षी 16. होतकरू शिक्षकाने शाळेत राहावं, मुरावं, अनुभवी शिक्षकाचं शिकवणं बघावं, हा त्यामागचा हेतू. अनुभवी शिक्षक म्हणजे मी. पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, “मॅडम, आम्ही तुमचा तास बघायला बसू का?” मी म्हटलं, “अवश्य. आधी तेवढा सातवी ब वरचा ऑफ तास घ्या.” ऑफ तास तुम्ही अजून घेताय. माझा तास अजून कुणी पाहिलेला नाही. तेव्हा मी उत्तम शिकवते असं तुम्ही खुशाल धरून चाला.

तुमच्या टाचणाविषयी मात्र मला आदर आहे. हर्बार्ट हे जर्मन तत्त्वज्ञ 1841 साली वारले. त्यांच्या शिष्यांनी शिकवण्याच्या पाच पायऱ्या घालून दिल्या, आणि आमच्या शाळेच्या पायऱ्या दोनदा खचल्या तरी या पाच शाबूत आहेत. प्रस्तावना, मग हेतुकथन, मग बाकीचं. परवा सहावीवर नफा-तोट्याचा पाठ होता. टाचणात शिक्षक कृती : “बाजारात गेल्यावर तुम्ही काय करता?” शेजारच्या रकान्यात विद्यार्थी कृती : “खरेदी.” प्रत्यक्षात उत्तर आलं, “भेळ खातो.” “आणखी काय करता?” “आणखी भेळ खातो.” खरेदी हा शब्द कुणाच्याही तोंडून निघेना आणि तो निघाल्याशिवाय हेतुकथन करता येईना. शेवटी छात्राध्यापकांनी स्वतःच “खरेदी!” म्हटलं आणि स्वतःलाच “छान” म्हणून ते पुढे सरकले. सहावीला खरेदी माहीत नव्हती असं नाही. या मुलांनी तुमच्या आधीच्या तुकड्यांच्या इतक्या प्रस्तावना पचवल्या आहेत की पाठाचं नाव त्यांना शिक्षकाच्या आधी कळतं. ते लांबवण्यात मजा असते, एवढंच.

ते “छान” कुठून येतं, हेही मला ठाऊक आहे. सूक्ष्म अध्यापनाच्या सरावातून. ही पद्धत 1960 च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. आपल्याकडे ती 36 मिनिटांच्या चक्रात शिकवतात : 6 मिनिटं अध्यापन, 6 मिनिटं प्रत्याभरण, 12 मिनिटं पुनर्नियोजन, पुन्हा 6 मिनिटं अध्यापन आणि पुन्हा 6 मिनिटं प्रत्याभरण. समोर मुलं म्हणून तुमचेच मित्र. त्यांना उत्तर येत असतं, पण तुमच्या गुणांसाठी ते अडाण्याचं सोंग घेतात. आमच्या सातवी ब मध्ये उलट असतं : उत्तर येत नसताना सगळे हात वर. त्यातल्या एकाला तुमच्यापैकी कुणीतरी चुकीच्या उत्तरावर सवयीने “शाब्बास” म्हटलं. तो तीन अष्टमांश ही पूर्णांक संख्या आहे असं अजूनही मानतो आणि साक्षीला तुमचं नाव सांगतो.

निरीक्षक प्राध्यापक पाठीमागे बसले की हाच वर्ग देवळातल्यासारखा शांत होतो. हा मुलांचा तुमच्यावरचा लोभ आहे, त्याची आठवण ठेवा, कारण प्राध्यापक उठून पुढच्या वर्गावर गेले की मुलं त्याची वसुली करतात. शेऱ्यांचं म्हणाल तर तुमच्या सगळ्यांच्या वह्या मी चाळल्या. “आवाज स्पष्ट. फलक लेखन सुवाच्य. आत्मविश्वास वाढवावा.” कुठून आणून वाढवावा, हे लिहायला रकान्यात जागा नसते.

आता एका गंभीर प्रकाराकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे.

सातवी ब वर ऋण संख्यांचा गुणाकार चालू होता. शेरा लिहून, सही करून निरीक्षक नुकतेच गेले होते. खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. “मॅडम, ऋण म्हणजे कर्ज असं तुम्हीच सांगितलं ना? मग कर्जाला कर्जाने गुणलं तर पैसे कसे येतात?” छात्राध्यापिका बाईंनी टाचणात पाहिलं. टाचणात दृढीकरणाला चार मिनिटं होती, या प्रश्नाला काहीच नव्हतं. “नियम आहे,” त्या म्हणाल्या. वर्ग एका सुरात “ओके मॅडम” म्हणाला. इथपर्यंत सगळं रीतसर झालं. प्रकरण इथेच मिटायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा पाठ नव्हता. तरी माझ्या तासाला दारात येऊन त्यांनी पाच मिनिटं मागितली. फळ्यावर एकाखाली एक लिहिलं : −3 × 2 = −6, −3 × 1 = −3, −3 × 0 = 0. “दर ओळीला उत्तर कितीने वाढतंय?” तीनने. “मग −3 × −1?” तीन, असं दोघं-तिघं म्हणाले. खिडकीजवळची मात्र बधली नाही. “पण कर्जाचं काय?” बाई क्षणभर थांबल्या. हातातला खडू मोडला होता, त्याचा मोठा तुकडा शोधत त्या म्हणाल्या, “समज, दुकानात तुझी उधारी रोज तीन रुपयांनी वाढते. दोन दिवसांपूर्वी आजच्यापेक्षा काय होतं?” उत्तर तिसऱ्या बाकावरून आलं, किराणावाल्याच्या मुलाचं : “सहा रुपये बरं होतं की!” वर्ग हसला. ती मुलगी हसली नाही. तिने वहीत दोन दिवसांच्या आधी उणेची खूण केली, पुन्हा वाचलं आणि मग बसली.

या पाच मिनिटांना प्रस्तावना नव्हती, हेतुकथन नव्हतं, निरीक्षक नव्हते, म्हणून गुणही नाहीत. तुमच्या इंटर्नशिपच्या फायलीत त्यांची नोंद कुठल्याच तक्त्यात बसत नाही. मी शिफारस करायला गेले तर “पाठ क्रमांक काय?” असं विचारलं गेलं. शिवाय सातवी ब बिघडली ती बिघडलीच. आता ती मुलं मलाही “का?” विचारतात. माझा भाग वेळेत संपत नाही, आणि याची भरपाई कोण देणार?

म्हणून विनंती की उरलेल्या आठवड्यांत शाळेला हवी तेवढीच प्रगती करावी. परिपाठाला उभे राहा, पोषण आहाराची रांग सांभाळा, ऑफ तास घ्या. हे पुढे उपयोगी पडेल. अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल यांतून तरलात तर तीन वर्षं शिक्षणसेवक व्हाल, माध्यमिकला महिना 18,000 रुपये मानधनावर. 2023 पर्यंत ते 8,000 होतं, तेव्हा तक्रारीला जागा नाही. प्रश्न विचारणाऱ्या मुली तेव्हाही भेटतील आणि दुसऱ्या दिवशी दारात येऊन पाच मिनिटं मागायचीही गरज उरणार नाही, कारण तास तुमचाच असेल. त्या दिवसाची मला काळजी वाटते, असं कार्यालयीन कारणासाठी नमूद करते.

कळावे,
वर्गशिक्षिका, सातवी ब

ता. क. : निरोप समारंभाला प्रत्येक तुकडी भिंतीवरचं घड्याळ देते. आता भिंती संपल्या. यंदा वर्गणी काढलीच तर फळ्यावर चालणारा मोठा कंपास आणा, आणि त्या छात्राध्यापिका बाईंना एक तास मोकळा ठेवायला सांगा. अपूर्णांकांचा भागाकार यायचाय. ती मुलगी “उलटं करून गुणायचं कशाला?” असं विचारणार, आणि मी त्या वेळी मागच्या बाकावर बसणार आहे.