289 मीटरचा द्राविडी प्राणायाम

दिल्ली मेट्रोची गुलाबी मार्गिका 25 नोव्हेंबर 2021 पासून चालकाविना धावू लागली. गाडी संगणक सोडतो, संगणकच थांबवतो. देशभर कौतुक झालं. पूर्व दिल्लीतल्या आमच्या मयूर विहारात मात्र फारसं कोणी चकित झालं नाही. चालवणारा कोण हे ठाऊक नसताना चालणाऱ्या गोष्टींची आम्हाला सवय आहे.

इथली जमीन दिल्ली विकास प्राधिकरणाची (डीडीए), म्हणजे केंद्राची. रुंद रस्ता पीडब्ल्यूडीचा, म्हणजे दिल्ली सरकारचा. आतली गल्ली महापालिकेची. चौकातला पोलीस गृहमंत्रालयाचा. खड्डा तेवढा नागरिकांचा, त्यावर अजून कोणी दावा सांगितलेला नाही. मेट्रोत केंद्र आणि दिल्ली सरकार निम्मे-निम्मे भागीदार आहेत, त्यामुळे हिरवा झेंडा दाखवायलाही दोन हात लागतात.

तर ही गुलाबी मार्गिका. धौला कुआँला अभियंत्यांनी ती विमानतळ मेट्रोच्याही डोक्यावरून, सात मजली उंचीवरून नेली. आश्रमला जमिनीखाली घातली. यमुना ओलांडली. आणि आमच्या दारात येऊन ती अडली. ऑक्टोबर 2018 च्या अखेरीस शिव विहारकडून त्रिलोकपुरीपर्यंतचा तुकडा सुरू झाला, डिसेंबरच्या अखेरीस लाजपत नगरकडून मयूर विहार पॉकेट-1 पर्यंतचा. मधले 289 मीटर राहून गेले, कारण तिथे माणसं राहत होती. आराखड्यात हा दोष बऱ्याचदा आढळतो.

शंभरएक घरं हलवायची होती. घर सोडणाऱ्यांनी आधी दुसरं घर मागितलं, यात त्यांचं काय चुकलं? पण रेल्वेला चालक नको इथवर पोचलेल्या विज्ञानाला, माणसाला वेळेत घर कसं द्यायचं याचं सॉफ्टवेअर काही सापडेना. फाइल धावत राहिली. तिला मात्र प्रत्येक टेबलावर चालक लागतो.

दरम्यान प्रवाशांनी काय करायचं? पॉकेट-1 हून शेजारच्या त्रिलोकपुरीला मेट्रोनेच जायचा हट्ट असेल, तर आधी उलट मयूर विहार-1 ला यायचं, तिथून निळ्या मार्गिकेने यमुना बँक, तिथे गाडी बदलून आनंद विहार, तिथे पुन्हा गुलाबी गाडी धरून खाली त्रिलोकपुरी. शहाणी माणसं जिना उतरून ई-रिक्षात बसत. ना वेळापत्रक, ना अ‍ॅप, ना उद्घाटन. वर चालकही समोर दिसणारा, भाडं सुटं मागणारा. तंत्रज्ञानाच्या दोन टोकांना जोडायचं काम अडीच वर्षं त्याने केलं. त्याच्या नावाची कोनशिला मला कुठे दिसली नाही.

अखेर 6 ऑगस्ट 2021 रोजी ते 289 मीटर जोडले गेले. केंद्रीय मंत्री हरदीपसिंग पुरी आणि मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल या दोघांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे उद्घाटन केलं. निमित्त कोरोनाच्या साथीचं होतं, पण सोय कायमची ठेवण्यासारखी आहे. दोन पडद्यांवर दोन नेते असले की एकाच व्यासपीठावर मधली खुर्ची कोणाची, हा प्रश्न उरत नाही.

आता कोणी म्हणेल, झालं ना, मग कुरकुर कशाला? कारण सराय काले खाँहून मयूर विहारला येणारा बारापुला उन्नत मार्गाचा तिसरा टप्पा. लांबी साडेतीन किलोमीटर. काम 2015 मध्ये सुरू झालं, 2017 मध्ये संपणार होतं. मग शेतजमिनीचा तिढा आला. तो सुटता सुटता झाडं तोडण्याच्या परवानगीचा प्रश्न आला. तारखा पुढे सरकत गेल्या, तेवढ्यात दिल्लीत सरकार बदललं. त्यामुळे उशीर कोणामुळे झाला, हे सांगायला आता दोन्ही पक्षांकडे प्रवक्ते तयार आहेत. यमुनेच्या पात्रात खांब आधीच उभे राहिले होते, त्यांना बिचाऱ्यांना पक्ष नाही.

तेव्हा वाचकहो, सराय काले खाँला निघाला असाल तर पुलाच्या तारखेवर विसंबू नका. मयूर विहार-1 ला गुलाबी मेट्रो पकडा, पुढचंच स्टेशन आहे.